तिसऱ्या पावसाळ्यात परत या

मार्च उजाडला की जंगल आधी आपल्या फोनवर पेटतं. रात्रीचा डोंगर, त्यावर नारिंगी रेघ, मागे कुठलं तरी रडवेलं गाणं. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘माणसाला अक्कल कधी येणार’. जूनमध्ये त्याच डोंगराचा दुसरा फोटो येतो. टोप्या घातलेली माणसं, काळ्या पिशव्यांतली रोपं, फीत, पाहुणे, बिस्किटांचे पुडे. त्यानंतर त्या डोंगराचा फोटो येत नाही. वणवा लागला, विझला, झाडं लावली, गोष्ट संपली.

मला भांडायचंय ते या ‘संपली’शी.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका जळालेल्या टेकडीवर मीही रोपं लावली आहेत. कुदळ हातात धरून फोटोही काढून घेतला, असेल कुठेतरी. तिसऱ्या पावसाळ्यात त्या बाजूला काम निघालं म्हणून वाट वाकडी करून गेलो, तर माझं रोप बघायला आत शिरताच येईना. छातीएवढी घाणेरी. दंडांवर ओरखडे, शर्टाला तो उग्र वास. वर पाहिलं तर साग जिवंत होता, ऐन जिवंत होता, काळ्या पडलेल्या बुंध्यांवर हिरवीगार पालवी. खाली मात्र गवताचं पातं नव्हतं. ऐनाचं एक रोपटं नव्हतं, तेंदूचं नव्हतं, चारोळीचं तर सोडाच. बुलबुल मात्र खूश होते.

जंगल परत आलं होतं का? उपग्रहाला विचारलंत तर तो ‘हो’ म्हणेल. वरून सगळं हिरवंच दिसतं. देशाचं वनक्षेत्र मोजताना झाडांचं छत्र बघतात. त्या छत्राखाली उद्याचं जंगल उगवतंय की नुसती घाणेरी माजलीय, हे त्या आकड्यात येत नाही. वणव्याचंही तसंच. आता उपग्रहावरून आगीचे ठिपके मोजले जातात आणि वनरक्षकाच्या फोनवर अलर्ट येतो. चांगलीच सोय आहे. पण ठिपका सांगतो की इथे जळलं. जळल्यावर तिथे काय उगवलं, हे विचारणारा रकाना त्या सगळ्या व्यवस्थेत ठळकपणे कुठेच नाही.

आता थोडं कोरड्या जंगलाबद्दल, कारण आपल्या डोक्यात जंगल म्हणजे कोकणातला किंवा मॉन्सूनच्या जाहिरातीतला ओला हिरवा पडदा असतो. मध्य भारतातलं, विदर्भातलं, म्हैसूरच्या पठारावरचं पानगळीचं जंगल वेगळं आहे. ते उन्हाळ्यात पानं टाकतं, खाली गवत वाळतं आणि दोन्ही जळतात. हे हजारो वर्षांपासून चाललंय. सागाची, ऐनाची, पळसाची, तेंदूची साल जाड असते. त्यांची लहान रोपटी आगीत वरून मरतात आणि पाऊस पडला की त्याच मुळातून पुन्हा फुटतात. असं अनेक वर्षं चालतं. मग एखादी दोन-चार वर्षांची उसंत मिळाली की एखादं रोपटं आगीच्या टप्प्याच्या वर डोकं काढतं आणि झाड होतं. अशा जंगलाला एका वणव्याने मरण येत नाही.

त्याला मरण येतं ते वणव्यानंतर त्याची जागा दुसऱ्याच कुणी घेतली आणि सोडली नाही, तर.

घाणेरी तुम्हाला माहीत आहे. टणटणी म्हणा हवं तर. लहानपणी तिच्या फुलांतला मध चोखला असेल, काळी फळं खाल्ली असतील. ही मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. युरोपातल्या बागवानांनी तिचे संकर केले आणि १८०९ च्या सुमारास शोभेचं झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. आज देशातल्या वाघांच्या अधिवासाच्या सुमारे ४० टक्के भागाला तिने ग्रासलंय, असं २०२० मधला भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास सांगतो. तो आकडा १,५४,००० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्मा.

तोडली तर बुडातून दुप्पट फुटते. जाळली तरी फुटते. फळं पक्षी खातात आणि झाडावर बसून बिया खाली टाकतात, म्हणून मोठ्या झाडाच्या सावलीतच ती आधी जमते. गुरं तिला तोंड लावत नाहीत, कारण ती विषारी आहे. गवत तिच्याखाली जगत नाही. गवत नाही म्हणून चितळ, गवा दुसरीकडे सरकतात, आणि ‘दुसरीकडे’ म्हणजे बऱ्याचदा तुमच्या-माझ्या नातेवाइकांचं शेत असतं. उन्हाळ्यात ती वाळते तेव्हा तिच्या काटक्यांची शिडी होते. गुडघ्याखाली सरपटणारी आग त्या शिडीवरून थेट झाडाच्या शेंड्यावर जाते.

म्हणजे आग घाणेरीला वाढवते आणि घाणेरी आगीला? अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम या दोन अभ्यासकांनी २००५ मध्ये हेच गृहीतक मांडलं होतं. आग आणि घाणेरी एकमेकींना पोसतात, आणि भारतातली कोरडी जंगलं या चक्रात अडकलीत. ऐकायला इतकं चपखल की कुठल्याही अधिकाऱ्याला आवडावं. आग थांबवा, घाणेरी थांबेल.

मग त्यांनी कर्नाटकातल्या चामराजनगर जिल्ह्यातल्या बिळिगिरी रंगनाथस्वामी टेकड्यांमध्ये मोजणी केली, आणि तिथे राहणाऱ्या सोलिगा आदिवासींशी बोलले. १९९७ मध्ये पाहणीतल्या ४१ टक्के जागांवर घाणेरी होती, २००८ मध्ये ८१ टक्के जागांवर. आधी वीस खोडांमागे एक घाणेरीचं असायचं, आता तिनामागे एक. हे सगळं घडलं ते एका अभयारण्यात, जिथे आग लावायला बंदी होती आणि ती बंदी खरोखर राबवली जात होती.

सोलिगांनी जे सांगितलं ते २०१२ मध्ये छापून आलं, आणि ते २००५ च्या गृहीतकाच्या उलट होतं. त्यांच्या मते घाणेरी माजली ती आग बंद झाल्यामुळे. पूर्वी ते हंगामाच्या सुरुवातीला, पाचोळा नुकता वाळलेला आणि जमिनीत थोडी ओल असताना, छोट्या छोट्या आगी लावत. कन्नडमध्ये तिला ‘तरगु बेंकी’ म्हणतात, पाचोळ्याची आग. ती पायाखाली सरपटते, पाचोळा खाते, घाणेरीची कोवळी रोपं मारते आणि विझते. मागून गवत येतं. घाणेरी तेव्हाही होती, पण तिला डोकं वर काढायला फुरसत मिळत नव्हती. आवळ्याच्या झाडांवरचं बांडगूळसुद्धा त्या आगींनी आटोक्यात राहायचं, असंही त्यांचं म्हणणं. आवळा हे त्यांच्या उत्पन्नाचं साधन होतं, त्यामुळे त्यांचं लक्ष होतं. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, सोलिगांना आतल्या वस्त्यांमधून हलवलं आणि आग हा गुन्हा झाला.

मला त्या दोन अभ्यासकांचं कौतुक वाटतं ते इथे. स्वतःच्या नावावरचं एक देखणं गृहीतक मोडू शकेल अशी साक्ष त्यांनी स्वतःच नोंदवून छापली. आपल्या वनखात्याला हे जमलेलं नाही. ‘शून्य वणवा’ हे अजूनही तिथे उद्दिष्ट म्हणून मिरवतं.

बरं, हा हट्ट काही नवा नाही. १८६० च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात इंग्रजांनी आगबंदीचा पहिला मोठा प्रयोग केला. इमारती लाकूड जळू नये, एवढाच हिशेब. पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवलं. गंमत म्हणजे तोवर इंग्रज अधिकाऱ्यांच्याच लक्षात आलं होतं की आग पूर्ण थांबवलेल्या जंगलांत सालाची नवी रोपं येत नाहीत. त्यांनी काही ठिकाणी हंगामाच्या सुरुवातीला मुद्दाम जाळायला सुरुवातही केली. म्हणजे साहेब शिकला. आपण त्याचा कायदा ठेवला आणि त्याचा धडा विसरलो.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग बंदी उठवा, लावू द्या आग. थांबा. इथेच खरी गोची आहे, आणि आदिवासी ज्ञानाचे शहरी भक्तही इथेच घसरतात.

दुधाला विरजण लागेपर्यंत तुमच्या हातात बरंच काही असतं. दही झाल्यावर पातेलं गॅसवरून उतरवून उपयोग नाही. ज्या जंगलात घाणेरी घोट्याएवढी आहे तिथे पाचोळ्याची आग औषध आहे. ती छातीच्या वर गेलेल्या जंगलात तीच काडी टाकलीत तर पाचोळ्याची आग होतच नाही, शेंड्यांची होते. मोठी झाडंही जातात, ऊन जमिनीवर येतं, आणि त्या उन्हात बुडातून फुटलेली घाणेरी पूर्वीपेक्षा जोमाने येते. बंदीमुळे जंगल बदललं हे खरं. बंदी उठवून ते परत बदलत नाही, हेही तितकंच खरं. जायचा रस्ता आणि यायचा रस्ता एक नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदीपूर पेटलं तेव्हा हेच दिसलं. उपग्रहाच्या चित्रांवरून सुमारे ४,४०० हेक्टर जळाल्याचं सांगितलं गेलं. जाळायला काय होतं? वाळलेला बांबू आणि वाळलेली घाणेरी, वर्षानुवर्षं साठलेली. २०१७ मध्ये याच बंदीपुरात आग विझवताना एका वनरक्षकाचा जीव गेला होता. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात आग विझवायला गेलेले तीन हंगामी मजूर जळून मेले. हंगामी. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम, तेवढ्यापुरतं काम. १६ जूनला त्या जंगलाशी त्यांचं कागदोपत्री नातं संपतं. आणि घाणेरीची रोपं उगवतात कधी? १६ जूननंतर.

हा वाक्याचा खेळ नाही. जंगलाच्या भवितव्याचा निर्णय ज्या पावसाळ्यात होतो, त्या पावसाळ्यात तिथे कुणालाही पगार नसतो.

आपण एकटेच मूर्ख आहोत असं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या हेमेझ डोंगरांत पाँडेरोसा पाइनची कोरडी जंगलं आहेत. तिथेही पूर्वी दर पाच-पंधरा वर्षांनी जमिनीवरून हलकी आग जायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेंढ्यांनी गवत संपवलं, मग सरकारने आग संपवली, आणि शंभर वर्षं झाडं दाटत गेली. २६ जून २०११ रोजी विजेच्या तारेवर एक झाड पडलं आणि लास कोंचासची आग सुरू झाली. पहिल्या चौदा तासांत सुमारे ४३,००० एकर. म्हणजे सेकंदाला जवळपास एक एकर. एकूण दीड लाख एकरांच्या वर. मोठमोठ्या पट्ट्यांत एकही पाइन उरला नाही, आणि पाइनचं बी आईपासून दोनेकशे मीटरच्या पलीकडे फारसं जात नाही. तिथे आता खुरटा ओक आणि काटेरी झुडपं आहेत. तीही मुळातून फुटतात, तीही पुन्हा जळतात आणि पुन्हा येतात. क्रेग ॲलन हे शास्त्रज्ञ त्या डोंगरांत अनेक दशकं काम करत होते, आणि आपण अभ्यासलेलं जंगल परत येणार नाही हे त्यांना सांगावं लागलं.

तिथल्या लोकांनी निदान एक प्रामाणिकपणा केला. ‘पूर्ववत करू’ हे वाक्य त्यांनी बाजूला ठेवलं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यात आणि आसपासच्या शास्त्रज्ञांमध्ये आता तीन क्रियापदं वापरतात : बदल थोपवा, बदल मान्य करा, किंवा बदल वळवा. प्रत्येक डोंगरासाठी, प्रत्येक खोऱ्यासाठी वेगळा निर्णय. आणि निर्णय घेतला म्हणजे त्याची जबाबदारी आली. ‘नैसर्गिकरीत्या पुनर्जीवित होईल’ असं लिहून फाईल बंद करता येत नाही.

आपल्या जंगलांवर ही क्रियापदं लावून बघा.

थोपवण्यासारखी जागा म्हणजे जिथे घाणेरी अजून विरळ आहे. तिथे काम अगदी स्वस्त असतं. पावसाळ्यात ओल्या मातीतून रोपं हाताने उपटायची, आणि जिथे ग्रामसभेला जमतं तिथे जानेवारीत पाचोळा जाळायचा. हे कुणीच करत नाही, कारण याचा फोटो येत नाही. ‘इथे काहीच झालं नाही’ याचा फोटो कसा काढणार?

मान्य करण्यासारख्या जागाही आहेत, आणि हे कुणाला बोलायला आवडत नाही. दीड लाख चौरस किलोमीटरवरून घाणेरी काढणं या देशाच्या कुठल्याही सरकारला जमणार नाही. काही उतार तिचेच राहणार. तिथे जाळरेषा राखा, आग आत जाऊ देऊ नका, आणि लोकांना तिच्या काड्यांच्या टोपल्या, खुर्च्या करू द्या. निलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीचे खऱ्या आकाराचे हत्ती केले आणि २०२१ मध्ये ते लंडनच्या उद्यानांत उभे राहिले. सुंदर होते. पण खुर्च्या आणि हत्ती करून घाणेरी संपेल असं कुणी सांगितलं तर हसा. एक किडा आणूनही ती संपेल असं वाटलं होतं. १९४१ मध्ये तोही भारतात आला, प्रयोगशाळेतून निसटला, आणि आजही आहे. घाणेरीही आहे.

आता वळवणं. खरं भांडण याचंच आहे, कारण हे शक्य आहे आणि आपण ते मुद्दाम वाईट पद्धतीने करतो.

घाणेरी काढायची रीत माहीत आहे. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अनेक ठिकाणी करून दाखवली. झुडूप वरून छाटायचं नाही. कुदळीने जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली मुख्य मूळ तोडायचं, आणि अख्खं झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा धरत नाही. फूल-फळ यायच्या आत. जेसीबी आणायचा नाही, कारण उकरलेल्या मातीत बिया आणखी जोमाने रुजतात. हा पहिला दिवस झाला. खरं काम पुढे आहे. जिथे पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात जायचं आणि उगवलेली रोपं उपटायची. आणि रिकाम्या जमिनीवर गवत आणायचं, तिथलंच, मारवेल, पवन्या, कुसळी. गवत एकदा धरलं की घाणेरीला जागा मिळत नाही, चितळ परततात, आणि काही वर्षांनी पाचोळ्याची आग पुन्हा पायाखालची आग होऊ शकते. जंगल जुनं होणार नाही. पण आपलं होऊ शकतं.

आता हे सरकारी भाषेत लिहा. पहिल्या वर्षी ‘लँटाना निर्मूलन’, इतके हेक्टर, काम पूर्ण, बिल मंजूर. मार्च एंड. दुसऱ्या वर्षी? त्याच जागेवर परत खर्च दाखवला तर लेखापरीक्षक विचारतो, गेल्या वर्षी निर्मूलन झालं होतं ना? बरोबर आहे त्याचं. ‘निर्मूलन’ हा शब्दच खोटा आहे, आणि खोट्या शब्दावर दुसऱ्या वर्षीचे पैसे मिळत नाहीत. मग पुढच्या वर्षी नवी जागा, नवे हेक्टर. मागच्या जागेवर घाणेरी पहिल्यापेक्षा दाट. मार्च एंड आणि वणव्याचा हंगाम एकाच महिन्यात यावेत, हा योगायोग कुठल्याही व्यंगचित्रकाराला पुरेसा आहे.

पैसे नाहीत असं मात्र नाही. पैसे आहेत, ते झाडं लावायला आहेत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं, आठवत असेल. केंद्राची २०२३ ची ‘ग्रीन क्रेडिट’ योजना तर आणखी पुढे गेली. ‘निकृष्ट’ वनजमिनीवर कंपन्यांनी झाडं लावायची आणि क्रेडिट मिळवायचं. २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान १,१०० झाडं. आता डोळ्यांसमोर आणा, जळून गेलेलं, मोकळं, गवताळ, कोरडं जंगल. कागदावर ते ‘निकृष्ट’. त्याच्यात हेक्टरी १,१०० खड्डे. खड्डा म्हणजे उकरलेली माती, आणि उकरलेल्या मातीत कोण आधी येतं ते वर सांगितलंच आहे. नंतर नियमांत दुरुस्ती झाली, पाच वर्षं थांबायचं आणि ४० टक्के छत्र दाखवायचं. पाच वर्षं थांबणं चांगलं. पण कोरड्या जंगलाचा निकाल पुन्हा छत्रावरच. माझ्या त्या टेकडीवर छत्र आजही उत्तम आहे.

त्या जंगलाला झाडांची टंचाई नव्हती. त्याची मुळं जिवंत होती. त्याला कमी होतं ते गवत आणि कुणीतरी परत येणं.

‘मग जाळण्याचा अधिकार गावाला देणार का?’ हा प्रश्न मला दरवेळी विचारतात, आणि विचारायलाच हवा. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली जाळतात, तेंदूला नवी पानं यावीत म्हणून जाळतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात लागलेली ती आग सोलिगांची पाचोळ्याची आग नव्हे. तेंदूच्या आगीमागे बऱ्याचदा कंत्राटदाराची घाई असते. मुदुमलईत १९८९ ते २००२ या काळात सरासरी ३.३ वर्षांनी आग येत होती, आणि शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींत ते अंतर १० वर्षांचं होतं. इतक्या वरचेवर आग आली तर रोपट्यांना ती चार वर्षांची उसंत मिळतच नाही. तेव्हा ‘आग चांगली’ हे वाक्यही तितकंच आळशी आहे. नियोजित आगही हातची सुटते. न्यू मेक्सिकोतच २००० साली सरकारने ठरवून लावलेली आग लॉस अलामॉस गावात शिरली आणि दोनशेहून जास्त घरं गेली.

म्हणूनच निर्णय त्यांच्याकडे असावा ज्यांना पुढच्या वर्षीही तिथेच राहायचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि ग्रामसभेने तेंदूपानं तोडणंच बंद केलं. हातात येणारा पैसा सोडला, कारण तेंदूसाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. बांबूवर भागवू, म्हणाले. बिळिगिरीच्या सोलिगांनाही २०११ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पात असं होण्याची ती देशातली पहिली वेळ. एका गावाने आग लागू नये म्हणून उत्पन्न सोडलं, दुसरे लोक म्हणतात योग्य वेळी आग हवी. दोघेही बरोबर असू शकतात, कारण जंगलं दोन आहेत. ‘शून्य वणवा’ हे एकच उत्तर दोन्हीकडे पाठवणारं परिपत्रक मात्र दोन्हीकडे चूक आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. वणव्यानंतरच्या कामाला किमान पाच वर्षांचा निधी, एकाच जागेसाठी. हंगामी मजुरांना जूनपासून ऑक्टोबरपर्यंत काम, रोपं उपटायला, गवत पेरायला. ज्या माणसाला आपण आगीत पाठवतो त्याला पावसातही पाठवा, आणि पगार द्या. आणि आगीच्या ठिपक्यांबरोबर एक आकडा जाहीर करा : तीन वर्षांपूर्वी जळालेल्या हेक्टरांपैकी किती ठिकाणी खाली गवत आणि देशी रोपं आहेत, आणि किती ठिकाणी घाणेरी. एवढा एक आकडा आला तरी बरेचसे जूनमधले फोटो आपोआप बंद होतील.

त्या टेकडीवर परत गेलो तेव्हा रोपवनाचा फलक शाबूत होता. सिमेंटचा, हिरव्या रंगाचा. योजनेचं नाव, वर्ष, क्षेत्र, लावलेली रोपं, प्रजाती, सगळं नीट रंगवलेलं. सगळ्यात खाली ‘जिवंत रोपे’ असं लिहून पुढे तीन वर्षांसाठी तीन चौकोन आखले होते. पहिल्यात आकडा होता. दुसरा कोरा होता. तिसरा घाणेरीने झाकला होता, तो बघायला फांदी बाजूला करावी लागली.